‘संघाने सहभाग घेतला’

मागच्या अंकात कॉलेजच्या जुन्या टीमांबद्दल लिहून पाठवा म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, त्यातली चार इथे घेतोय. पहिल्याचं उत्तर फार लांबलं त्याबद्दल बाकीच्यांनी समजून घ्यावं, त्या पत्राने मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

प्रश्न : माझे बाबा १९८४-८५ ला नागपुरातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये फुलबॅक होते. त्या वर्षी त्यांची टीम एकही मॅच जिंकली नाही, हे आम्हाला आत्याकडून कळलं, बाबा स्वतः कधीच बोलले नाहीत, विषय काढला की म्हणतात जाऊ दे न, चहा मांड. माझी धाकटी बहीण सध्या न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकून राहिली. तिने मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर सहज सांगितलं की आमच्या युनिव्हर्सिटीची टीम त्याच काळात सलग ४४ मॅच हरली होती. बाबा एकदम सरळ होऊन बसले अन् विचारलं, “चव्वेचाळीस? मग पोरं रोज प्रॅक्टिसला येत होती का?” तेव्हापासून दोनतीनदा तेच विचारलं त्यांनी. हे खरं आहे का? अन् बाबांना बोलतं कसं करू? मी त्यांच्या कॉलेजात जाऊन त्या वर्षीचा वार्षिकांक शोधून आणला, त्यात फुटबॉलबद्दल एकच ओळ आहे, ‘संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सहभाग घेतला.’ फोटोसुद्धा नाही.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, खरं आहे. आकडाही बरोबर आहे, ४४.

बाबांना सांगताना एक गोष्ट आधी सांगा, तिकडचं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालायचं, चेंडू हातात धरून पळायचं, समोरच्याला अंगावर घेऊन पाडायचं असा तो खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्या टीमकडे. शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा पॉइंट, खांबांच्या मधून किक मारून काढला की तीन, म्हणून तिथला ४९-१७ हा स्कोअर आपल्या गोलांच्या हिशोबाने वाचायचा नाही. अन् मॅच आठवड्याला एकच, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, कोलंबियाच्या तेव्हा वर्षाला नऊ किंवा दहा. त्यामुळे ४४ हरायला त्यांना सहा सीझन लागले. १९८३ च्या शेवटच्या दोन, १९८४ च्या सगळ्या नऊ, १९८५, ८६ आणि ८७ च्या दहा-दहा, अन् १९८८ च्या पहिल्या तीन. तुमचे बाबा इथे हरत होते तेव्हा तिकडे त्यांच्याच वयाची पोरं दर शनिवारी हरत होती. जी पोरं १९८४ ला कॉलेजात आली ती १९८८ ला डिग्री घेऊन बाहेर पडली, तोवर मुख्य टीमने एकही मॅच जिंकलेली नव्हती.

आता कारणं. लोक म्हणतात पोरांत दम नव्हता, मला ते पटत नाही. कोलंबिया ज्या आयव्ही लीगमध्ये खेळते त्या आठ युनिव्हर्सिट्यांत खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, पण मग हार्वर्डलाही तोच नियम, येललाही तोच, म्हणजे नुसत्या त्या नियमाने काही सिद्ध होत नाही. मला जास्त वाटतं ते मैदानाचं. कॅम्पस ११६व्या रस्त्यावर अन् मैदान थेट २१८व्या रस्त्यावर, मॅनहॅटनच्या पार उत्तर टोकाला. लेक्चर आटोपून शंभर रस्ते ओलांडून प्रॅक्टिसला जायचं, अंधार पडल्यावर परत यायचं, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा अभ्यास आहेच. तिथली जुनी लाकडी स्टँड पाडून नवं स्टेडियम १९८४ ला उघडलं, ते उघडलं त्याच वर्षी टीम नऊच्या नऊ हरली. त्यात पाच वर्षांत तीन कोच. अन् एकदा हरायला लागलं की चांगला खेळणारा पोरगा शाळेतूनच दुसरी युनिव्हर्सिटी निवडतो, मग आणखी हरणं आलं. एकात एक गुंतलेलं असतं हे.

१९८५ ची गोष्ट बाबांना नक्की सांगा. नवीन कोच आले होते, जिम गॅरेट. पहिलीच मॅच हार्वर्डशी, अन् कोलंबिया चक्क १७-० ने पुढे. कल्पना करा त्या पोरांची. मग हार्वर्डने ओळीने ४९ पॉइंट केले, यांचा एकही नाही. मॅचनंतर कोचने पत्रकारांसमोर आपल्याच पोरांबद्दल सांगितलं की यांना हरण्याचं व्यसन लागलंय, त्यांची तुलना ड्रग्ज घेणाऱ्यांशी केली. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं अन् आजही वाटतं, कारण १७-० ने पुढे जाणारी पोरं हरायला मैदानात उतरलेली नसतात. त्या सीझनला दहाच्या दहा गेल्या, गॅरेट सोडून गेले, अन् त्यांची कोलंबियात शिकणारी मुलं प्रिन्स्टनला निघून गेली.

१९८७ ला त्याच प्रिन्स्टनकडून हरून ३५वा पराभव झाला, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या श्रेणीतला सलग हरण्याचा आधीचा ३४ चा रेकॉर्ड मोडला. अन् बरोबर पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर १९८८ ला, पुन्हा प्रिन्स्टनच समोर, त्यांचा क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू वाटणारा मुख्य खेळाडू कोण, तर जुन्या कोचचाच मुलगा जेसन गॅरेट. कोलंबिया १६-१३ ने पुढे, वेळ संपत आलेली, प्रिन्स्टनची शेवटची किक खांबांपर्यंत पोचलीच नाही. संपलं. पोरं, माणसं, सगळे स्टँडमधून मैदानात घुसले.

बाबा जे विचारून राहिले त्याचं उत्तर हो असं आहे. येत होती पोरं. ४४ मॅच हरल्या याचा अर्थच हा की ४४ वेळा टीम मैदानात उतरली, एकदाही वॉकओव्हर दिला नाही.

इथे मला आपल्याकडचं एक सांगावंसं वाटतं. आपली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे बहुतेक वेळा नॉकआउट, पहिली मॅच हरली की ट्रॅकसूट आवरून घरी. आपल्या कॉलेजच्या टीमला ४४ सोडा, युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत धड दोन मॅच हरायची सोय नसते. मग बाबांची टीम वर्षभर हरली म्हणजे काय झालं असेल, तर आंतरमहाविद्यालयीनची पहिली मॅच गेली, अन् बाकी सगळ्या त्यांनी स्वतःहून मागून घेतलेल्या. मोहननगरच्या पोरांशी, मोतीबागेत रेल्वेवाल्यांशी, सायकलवर बूट लटकवून कामठीला जाऊन तिथल्या क्लबांशी. त्या काळात इथली कॉलेजची पोरं अशीच खेळायची. कामठीत इंग्रजांची छावणी १८२१ पासून, फुटबॉल तिथल्या गल्लीगल्लीत मुरलेलं, तिथे जाऊन कॉलेजची टीम चार-पाच गोल खाऊन यायची हे ठरलेलंच. तरी जायची. तेव्हाचा चामड्याचा बॉल पाऊस पडला की पाणी पिऊन इतका जड व्हायचा की फुलबॅकने हेडरने बाहेर काढला तर कपाळ दोन दिवस दुखायचं, हे बाबांना विचारा, या एका प्रश्नावर ते बोलतील असं मला वाटतं.

आता त्या ओळीचं सांगतो, अन् हे सांगायला मला जड जातंय. १९८६ ला मी आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळात होतो. जिमखान्याचा अहवाल माझ्याकडे होता. बुद्धिबळात आमचा एक मुलगा युनिव्हर्सिटीचा कलर होल्डर झाला होता, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या टीममधून खेळला होता, त्याला अर्धं पान अन् फोटो. फुटबॉलचा कॅप्टन माझ्याकडे वहीचा कागद घेऊन आला, सहा मॅचचे स्कोअर लिहिलेले, कोणी गोल केला तेही, सहाही हरलेल्या. मी त्याला म्हटलं, अरे हे छापून कॉलेजची काय शोभा, अन् लिहिलं, ‘फुटबॉल संघाने सहभाग घेतला.’ तो काही बोलला नाही, कागद घडी करून खिशात ठेवून गेला. तुमच्या बाबांच्या वार्षिकांकात ती ओळ मी लिहिलेली नाही, ते कॉलेज वेगळं, पण लिहिणारा माझ्यासारखाच कोणीतरी असणार. तुमचं पत्र वाचल्यावर मी माझा तो अंक माळ्यावरून काढला. संघात कोण कोण होतं, एकाचंही नाव त्यात नाही. ही माझी चूक आहे अन् ती आता भरून निघत नाही.

कोलंबियाच्या त्या ४४ मॅचमधली प्रत्येक तारीख, प्रत्येक स्कोअर आज कोणालाही सापडतो, कारण त्यांच्या कॉलेजच्या पेपरात दर आठवड्याला हरलेल्या मॅचचाही पूर्ण वृत्तांत छापून यायचा. तुमची बहीण तिथल्या लायब्ररीत जाऊन ते बघू शकते.

बाबांना बोलतं करायचं तर ‘बाबा, हरलात तेव्हा कसं वाटलं’ असं काही विचारू नका, तो प्रश्न ऐकला की माणूस चहा मांडच म्हणतो. गोली कोण होता विचारा. बॉल कोण आणायचं, नेट होतं का नुसते बांबू, बूट कोणाचे उसने होते, मॅचनंतर पोहे कुठे खायचे, तर्री कोणाला झेपायची नाही. एखाद्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत त्यांना रविनगरच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर घेऊन जा, कोणी ना कोणी खेळत असतंच, जवळ उभे राहा अन् तुम्ही काही बोलू नका. ते जे सांगतील ते घरी येऊन लिहून काढा, जिथे स्कोअर आठवतो तिथे स्कोअर, जिथे नाही तिथे फक्त कोणाशी खेळलो ते. अन् त्यांच्या टीममधले जे हयात असतील त्यांचे फोन नंबर आत्याकडून मिळतात का बघा, आत्यांना सगळं माहीत असतं.

प्रश्न : बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा तिथे फुटबॉल टीम होती का? आमच्या अभ्यासिकेत यावरून वाद झाला. एक जण म्हणतो कोलंबियाची टीम फार जुनी आहे म्हणजे असणारच, दुसरा म्हणतो तेव्हा बंदी होती.
— एक विद्यार्थी, इंदोरा

उत्तर : दोघंही अर्धे बरोबर आहेत, अन् प्रश्न इतका छान आहे की मी खूश झालो.

बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले १९१३ च्या जुलैत, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, अन् १९१६ च्या उन्हाळ्यात लंडनला गेले. कोलंबियाने १९०५ चा सीझन संपल्यावर फुटबॉल बंद करून टाकलं होतं अन् ते पुन्हा सुरू केलं १९१५ ला. म्हणजे बाबासाहेबांच्या पहिल्या दोन वर्षांत टीम नव्हतीच, अन् १९१५ च्या शरद ऋतूत, ते एमए होऊन पुढचा अभ्यास करत होते तेव्हा, ती परत आली.

बंद का केलं, तर पोरं मरत होती म्हणून. १९०५ च्या एका सीझनमध्ये अमेरिकेत फुटबॉल खेळताना अठरा-एकोणीस जण गेले. तेव्हा पुढे पास टाकायला परवानगी नव्हती, म्हणून सगळे एकमेकांना धरून गठ्ठ्याने समोरच्यांवर जाऊन आदळायचे, अन् अंगावर ना धड हेल्मेट ना पॅड. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सांगितलं की हे आवरा. १९०६ ला नियम बदलले, पुढे पास टाकणं कायदेशीर झालं, पुढे सरकायचं अंतर पाच यार्डांच्या जागी दहा यार्ड झालं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन नव्या नियमांनी खेळत राहिल्या, कोलंबियाने मात्र पुढचे नऊ सीझन टीमच ठेवली नाही. हरण्यापेक्षा टीमच नसणं हे जास्त मोठं नुकसान, असं मला हे वाचताना वाटलं.

परत सुरू झालं तेव्हा मैदान लांब नव्हतं, कॅम्पसच्या आतच साउथ फील्डवर मॅच व्हायच्या, तिथल्या मुख्य ग्रंथालयाच्या, लो लायब्ररीच्या पायऱ्यांसमोर. बाबासाहेबांचा सगळा दिवस ग्रंथालयात जायचा हे आपल्याला माहीत आहे. १९१६ च्या ९ मे ला त्यांनी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, त्याची तयारी याच वर्षातली. शनिवारी दुपारी बाहेरच्या मैदानातला कल्ला आत वाचत बसलेल्यांना ऐकू जात असणार एवढं म्हणायला हरकत नाही.

आणखी एक, अभ्यासिकेत सांगायला. ही टीम कायम हरणारी नव्हती. १ जानेवारी १९३४ ला तिने रोझ बोल या नववर्षाच्या मोठ्या मॅचमध्ये स्टॅनफर्डला ७-० ने हरवलं, १९४७ ला आर्मीची म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या टीमची ३२ मॅच न हरण्याची मालिका २१-२० ने तोडली, दोन्ही वेळा कोच लू लिटल. अन् १९६१ नंतर थेट २०२४ ला पुन्हा आयव्ही लीगच्या विजेतेपदात वाटा मिळवला, हार्वर्ड अन् डार्टमथसोबत. मधे ६३ वर्षं.

प्रश्न : अमेरिकेत एक कॉलेज २२२-० ने हरलं होतं असं मित्र सांगतो, फेकून राहिला का?
— कामठीहून एक वाचक

उत्तर : नाही, खरं आहे. ७ ऑक्टोबर १९१६, अटलांटा, जॉर्जिया टेक विरुद्ध कंबरलँड. कंबरलँडने त्या वर्षी फुटबॉल बंद केलं होतं, पण मॅचचा करार आधीच झालेला अन् आले नाहीत तर ३००० डॉलर दंड, म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांची जमेल तशी टीम गोळा करून पाठवली. जॉर्जिया टेकचे कोच जॉन हाइझमन यांचा राग वेगळाच, आधी बेसबॉलमध्ये कंबरलँडने त्यांना २२-० ने हरवलं होतं. राग असो काही असो, मला हाइझमन यांचं हे पटलेलं नाही. समोर टीमच नाही हे दिसत असताना दोनशेच्या वर कशाला न्यायचं? कामठीत मी बघितलंय, समोरचे दमले की मोठी पोरं बॉल नुसता पायात फिरवतात, गोल करत नाहीत.

प्रश्न : मी बीएससी सेकंड इयरला आहे. आमची कॉलेज टीम यंदा आंतरमहाविद्यालयीनला पहिल्याच राउंडला ०-७ हरली. सरांनी परतीच्या ऑटोत एक शब्द काढला नाही. घरी म्हणतात खेळ सोड अन् प्लेसमेंटचं बघ. सिनियर पोरं पास होऊन जातील, पुढच्या वर्षी अकरा जमणंही कठीण आहे. खेळू का सोडू?
— एक खेळाडू, हिंगणा रोड

उत्तर : खेळ रे बाबा. अभ्यास कर अन् खेळ, दोन तासांनी प्लेसमेंट बुडत नाही.

वर मी ३४ चा रेकॉर्ड म्हटलं तो नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचा होता, शिकागोच्या शेजारची. १९७९ ते १९८२ सलग ३४ हरले, मधे तर त्यांचेच विद्यार्थी मैदानात घुसून आम्ही सगळ्यांत वाईट अशा घोषणा देत होते. २५ सप्टेंबर १९८२ ला नॉर्दर्न इलिनॉयला ३१-६ ने हरवलं तेव्हा त्याच विद्यार्थ्यांनी गोलचे खांब उपटून मिशिगन तलावात नेऊन टाकले. १९९५ ला ही टीम आपल्या लीगची चॅम्पियन झाली, अर्थात त्याला आणखी तेरा वर्षं लागली अन् तोवर ती हरलेली पोरं नोकरीला लागून बापही झाली होती, त्यामुळे तू पुढच्या वर्षी जिंकशीलच असं काही मी तुला सांगत नाही. टेक्ससच्या प्रेअरी व्ह्यू युनिव्हर्सिटीची टीम तर १९८९ ते १९९८ सलग ८० मॅच हरली, पैसा नाही, स्कॉलरशिप नाही, तरी १९९० चं एक वर्ष सोडलं तर टीम उतरवत राहिले, मग लँगस्टन युनिव्हर्सिटीला १४-१२ ने हरवलं.

तुझा खरा प्रश्न अकरा पोरांचा आहे, त्याचं सांगतो. आत्तापासून फर्स्ट इयरच्या वर्गात जा, शाळेत कोण खेळायचं विचार, हॉस्टेलमध्ये विचार, गडचिरोली-चंद्रपूरकडून आलेली पोरं शाळेत फुटबॉल खेळलेली असतात अन् इथे कोणी विचारत नाही म्हणून गप्प राहतात. एक मॅच खेळून घरी जाणारी टीम सुधारत नाही, म्हणून फ्रेंडली माग. मोहननगरला जा, कामठीला जा, जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये खालच्या गटात नाव घालता येतं का सरांना विचारायला लाव. सर ऑटोत बोलले नाहीत ते रागाने असेल असं धरू नकोस, त्यांनाही ते सात गोल लागले असतील.

अन् एक वही कर. पहिल्या पानावर यंदाची मॅच लिही, तारीख, ग्राउंड, ०-७, अन् खाली अकराही जणांची नावं, बदली खेळाडूंची पण, गोलीचं नाव सगळ्यात वर. त्या पानाचा फोटो काढून मला पाठव. पुढच्या अंकात याच पानावर स्कोअरसकट छापतो.